तीन सूत

या बोटीला सुकाणू नसतं,
लहू निवंगुणे म्हणाला.
मी ट्रॉलीखाली वाकून पाहिलं, तर खरंच,
मागे नुसतं एक तोंड. नॉझल.
पाणी पोटात ओढायचं, मागे फेकायचं,
तोंड वळेल तशी बोट वळते.
फेकणं थांबलं
की चाक कितीही फिरवा, ही सरळ जाणार.
नाकासमोर. सज्जन माणसासारखी.

माघात तेच झालं.
पानशेतच्या धक्क्याजवळ पेडलबोट आडवी आली,
आत हडपसरचे नवरा-बायको, फोटो काढत.
लहूनं कुणीही करेल तेच केलं:
घाबरला, आणि थ्रॉटल सोडला.

बाईच्या मनगटाला सात टाके.
तेव्हापासून लहू चहा अर्धाच कप घेतो,
भरलेला हातात हिंदकळतो म्हणतो.

किट समुद्रापलीकडून आलं.
खोक्यात दोन पाती, स्टेनलेसची, तळहाताएवढी,
एक कागदी साचा,
आणि एका हसऱ्या माणसाचं चित्र
जो एकाच हातानं बोल्ट आवळतोय.
त्याला नऱ्ह्यात आणा एकदा, माझ्या शेडमध्ये,
लाइट गेलेली असताना.

माझी हयात मेट्रिकमध्ये गेली.
भोसरीत अठ्ठावीस वर्षं,
मिलिमीटरचा शंभरावा भाग नखाला कळायचा.
आणि हे बोल्ट तीन सुती.
त्यातल्या एकाचे आटे गेलेले.
बोहरी आळीत चौथ्या दुकानात
म्हाताऱ्या शब्बीरभाईंनी न बघता डब्यात हात घातला
आणि नेमका तीन सूत काउंटरवर ठेवला.
"कशाला हवाय?"
बोटीला, म्हटलं.
त्यांनी चष्मा वर केला. "पुण्यात?"

पहिलं भोक पाडायला पाऊण तास लागला.
ड्रिलला नव्हे, मला.
अॅल्युमिनियमचं नॉझल, चुकलं तर दुसरं मिळत नाही.
साचा चिकटवला, पंचवर टिचकी मारली,
मग उगाच बाहेर जाऊन हायवेवरचे ट्रक बघत बसलो.
लहू काही बोलला नाही.
टॉर्च धरून उभा होता. उजेड थरथरत होता.
कोपर टेकव की पत्र्याला, मी म्हटलं.
टेकवलं.
उजेड थांबला.
रॉकेलचे दोन थेंब, आणि पांढरा कुरळा कीस
पायाशी पडत गेला.

पाती अशी असतात:
बोट जोरात असेल तर वर उचलली जातात, नामानिराळी.
जोर गेला की आपली आपण पाण्यात उतरतात.
म्हणजे जिथे दुसऱ्याची ताकद संपते
तिथून यांची नोकरी सुरू.
हे मी रात्री बायकोला समजावून सांगितलं,
जरा जास्तच वेळ,
माझ्या रिटायरमेंटपर्यंत नेऊन.
ती म्हणाली, भात निवतोय.

गुरुवारी पाण्यात उतरवली.
धरण अर्ध्यावर आलेलं, काठाची लाल माती उघडी.
लहूनं लांबून बोट आणली, भरधाव,
थेट धक्क्यावर,
आणि वीस हात राहिले असताना
मुद्दाम थ्रॉटल सोडला.

इंजिन बसलं. पाण्याचा तेवढा आवाज.
त्यानं चाक डावीकडे घेतलं.
क्षणभर काहीच नाही.
मी धक्क्यावर उभ्या उभ्या
मनात एकेक बोल्ट पुन्हा आवळला.
मग नाक हललं,
जडपणे, झोपेत कूस बदलावी तसं,
आणि बोट वळली.

मालक म्हणाले, टॉप स्पीड जरा पडलाय, नाही?
पडला असेल.

लहूनं पुन्हा एकदा वळवली. मग पुन्हा.
रिकाम्या पाण्यात, चालण्याच्या वेगानं,
काहीही आडवं आलेलं नसताना.